मुकी काडतुसं

१

चौथं काडतूसही मुकं राहिलं, तेव्हा एल्डन प्रूइटनं रायफल टेबलावर ठेवली आणि चांदमारीवरची माणसं बोलायची थांबली.

तोवर सकाळ चांगली चालली होती. विलो फोर्क गावच्या लोकांना काडतुसं विकत घ्यायची सवय नाही. झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या गोळा करून ठेवायच्या आणि हिवाळाभर आपल्या हातांनी भरायच्या, ही तिथली जुनी रीत. पुंगळीच्या बुडाशी मसुराएवढी धातूची टोपी बसवतात, तिला प्रायमर म्हणतात. बंदुकीची सुई टोपीवर आपटली की ठिणगी पडते आणि त्या ठिणगीनं आतली दारू पेटते. गोळी कितीही भारी असो, टोपी मुकी तर बंदूक म्हणजे नुसती काठी. आणि या टोप्याच दोन वर्षं बाजारातून नाहीशा झाल्या होत्या. पीठ-मीठ उसनं मिळेल, टोपी कुणी देणार नाही, अशी गावाची अवस्था होती.

शेवटी बिलिंग्ज शहरातल्या एका दुकानात माल आल्याचं कळलं. मर्ल टिबेट्स ट्रक घेऊन गेला आणि तिघांत मिळून एक खोकं घेऊन आला. एक वाटा स्वतःचा, एक गावच्या नेमबाजी क्लबचा अध्यक्ष गस लिंडक्विस्टचा, एक एल्डनचा. वाटणी मर्लनंच करून ज्याच्या त्याच्या घरी पोचवली. नवी टोपी डोंगरात न्यायच्या आधी चांदमारीवर पारखायची, म्हणून एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीच्या हंगामाआधीच्या त्या सकाळी सगळे जमले होते. नेल्डा क्वाले ऱ्हुबार्बच्या आंबटगोड देठांचं सारण भरून भाजलेला 'पाय' घेऊन आली होती. नेम धरायचं तिनं नवरा गेल्यापासून सोडलं होतं, पण हा पाय आणायचं सोडलं नव्हतं.

गसच्या टोप्या एकामागून एक वाजल्या. मर्लच्याही. एल्डननं काडतूस घातलं, रायफलची खिट्टी तळहाताच्या टाचेनं ढकलून बंद केली आणि चाप ओढला. नुसता टक्‌ असा आवाज. नियमाप्रमाणे नळी समोर धरून तो थांबला. कधीकधी टोपी उशिरा पेटते. ही पेटली नाही. पुढची दोन वाजली, मग पुन्हा टक्‌. दहा काडतुसांत चार मुकी. गसनं सुचवलं की पुन्हा एकदा सुई मारून बघ. एल्डन म्हणाला, सडक्या टोपीवर दुसरा घाव घालायला मी काय लाकूडतोड्या आहे?

मग त्यानं गसचं एक काडतूस उचललं आणि आपल्याशेजारी धरलं. गसच्या काडतुसाची टोपी चांदीसारखी पांढरी होती. एल्डनची पिवळी.

एल्डन मर्लकडे वळला. दोघांची मैत्री नेल्डाच्या लग्नाइतकी जुनी होती. नेल्डाच्या नवऱ्याची शवपेटी पुढून या दोघांनीच धरली होती.

"मर्ल, खोकं एक होतं ना? मग माझ्या वाट्याला पिवळ्या कशा आल्या?"

मर्लनं डोक्यावरची हॅट काढली, पुन्हा घातली. "दिल्या त्या दिल्या," तो म्हणाला.

"नव्या तू ठेवल्यास. आणि कुठल्या तरी गोठ्यात पडलेल्या कुजक्या मला दिल्यास."

सगळे मर्लच्या तोंडाकडे बघत राहिले. नाही म्हण, एवढंच सगळ्यांना हवं होतं. रायफल पिशवीत घालून मर्ल ट्रकमध्ये बसला आणि धुरळा उडवत निघून गेला.

२

गस वयानं लहान, त्यात अध्यक्ष. त्याची पंचाईत झाली. शनिवारी क्लबची बैठक होती आणि एल्डननं चांदमारीवरच सांगून टाकलं होतं की या क्लबात एक तर मर्ल राहील, नाहीतर मी. एल्डन म्हणजे क्लबाची शिट्टी. चांदमारीवर त्याच्या शिट्टीशिवाय कुणी गोळी झाडायची नाही. तालुक्यातल्या पोरांना शिकारीचा परवाना हवा तर आधी एल्डनच्या वर्गात बसावं लागे. मत कुठं पडणार हे उघड होतं.

आणि मर्लला क्लबाशिवाय होतं काय? बायको नाही, पोर नाही. वर्षातले अकरा महिने तो डोंगरातल्या एल्कच्या शिकारीच्या तळाच्या गोष्टी सांगून काढी आणि बाराव्या महिन्यात एल्डनबरोबर त्या तळावर जाई.

"नेल्डाबाई, तुम्ही बघा जरा," गस म्हणाला. "तुम्हाला चोर लगेच ओळखू येतो."

नेल्डानं उभं आयुष्य गुरांवरचे मालकीचे डाग तपासायच्या सरकारी नोकरीत घालवलं होतं. कातडीवर डाग एकाचा आणि जनावर दुसऱ्याच्या गोठ्यात, असं दिसलं की तिनं कित्येकांना फाटकातच उभं केलं होतं. त्यातून ती एक गोष्ट शिकली होती. डाग बदललेला दिसला म्हणजे चोर सापडला असं नाही. का बदलला, ते कळलं तर सापडला. तिनं चारही मुकी काडतुसं रुमालात बांधली आणि कोटाच्या खिशात टाकली. एल्डनची रायफल गसनं ठेवून घेतली, सुईची स्प्रिंग ढिली पडली असेल तर पाहावी म्हणून.

दुसऱ्या दिवशी ती एल्डनकडे गेली. स्वयंपाकघरात शेगडी पेटलेली होती. जावई डॅरेल खिडकीची चौकट दुरुस्त करत होता. एल्डननं शेगडीवरचं कॉफीचं लोखंडी भांडं कडीला धरून उचललं, दोघांचे कप भरले आणि भांडं नेल्डापुढं सरकवलं. तिनं सहज हात लावला आणि झटक्यानं मागं घेतला.

"सरकारी नोकरीनं तुझे हात मऊ केले," एल्डन हसला.

तिनं ऱ्हुबार्बच्या पायचा तुकडा पुढं केला, तर त्यानं ताटली परत सरकवली. डॉक्टरनं गोड बंद केलंय, म्हणाला, आणि डॉक्टरबद्दल चार वाईट शब्द बोलला.

मग त्यानं तिला काडतुसं भरायच्या खोलीत नेलं. सगळी हत्यारं भिंतीवर ओळीनं टांगलेली. टोप्या बसवायचं हातातलं दाबयंत्र, तीसेक वर्षांचं. टोप्यांचा ट्रे नव्या वेष्टनात होता, पण आतल्या टोप्या पिवळ्या. वेष्टन उघडलं तेव्हाच पिवळ्या होत्या, एल्डननं सांगितलं. त्याला वाटलं, या वर्षी कारखान्यानं रंग बदलला असेल. चांदमारीवर गसचं काडतूस बघेपर्यंत शंका आली नव्हती.

नेल्डानं भरलेली काडतुसं मागितली. एल्डननं डब्यातून सहा काढली. देण्याआधी प्रत्येकाच्या बुडावरून त्यानं अंगठा फिरवला, सावकाश, आंधळा माणूस चेहरा चाचपतो तसा. टोपी पुंगळीत पुरती बसली नसेल तर बुडाशी केसभर उंचवटा राहतो. तो डोळ्याला दिसत नाही, अंगठ्याला कळतो. ही सवय तालुक्यातल्या प्रत्येक पोराला एल्डननंच लावली होती. नेल्डालासुद्धा.

"डोळा फसतो, यंत्र फसतं," तो म्हणाला. "अंगठा खोटं बोलत नाही. हे घे. माझ्या हाताकडून काही कसूर नाही."

नेल्डानं सहाही काडतुसं कोटाच्या दुसऱ्या खिशात टाकली. एल्डनच्या अंगठ्यानंतर आपला अंगठा फिरवणं म्हणजे पाद्रीबुवांनी आशीर्वाद दिल्यावर ताटावर आणखी एकदा प्रार्थना म्हणण्यासारखं होतं. कुणी करत नसे.

बाहेर पडताना डॅरेल तिच्यामागून आला. पायऱ्यांवर उभं राहून हळू आवाजात म्हणाला, "नेल्डाबाई, मी खोटं बोलणार नाही. म्हाताऱ्यानं हे सगळं सोडावं असं मला वाटतं. खोलीची किल्ली माझ्याकडेही असते. पण मी टोप्यांना हात लावलेला नाही."

तिनं न विचारताच त्यानं हे सांगितलं होतं.

३

टोपीत तेलाचा थेंब गेला की ती मरते, असं गावात सगळेच मानतात. डॅरेलनं ट्रेवर तेलाचा बोळा फिरवला असता तर? नेल्डानं या विचाराला बिलिंग्जपर्यंतच्या रस्त्यात पुरता वाव दिला. पण तेलानं टोपी मेली असती तरी तिचा रंग बदलला नसता. पांढरीची पिवळी करायला माणूस लागतो, आणि ज्याच्याकडे पिवळ्या आहेत असा माणूस लागतो. आणि डॅरेलकडे बंदूकच काय, उंदीर मारायचं औषधसुद्धा नव्हतं, टोप्या कुठून येणार.

बिलिंग्जचा दुकानदार टक्कल पडलेला, बोलका. त्याला मर्ल पक्का आठवत होता. खोकं सीलबंद होतं. मर्लनं ते त्याच्यासमोर फोडून एक ट्रे उघडून पाहिला होता. सगळ्या पांढऱ्या. "उलट त्यानं मलाच विचारलं," दुकानदार म्हणाला, "या टोप्यांचं कवच कडक आहे का म्हणून. मी म्हटलं, कडक आहे, जोराचा ठोका लागतो. त्यावर तो बराच वेळ ट्रेकडे बघत उभा राहिला."

दुकान सुटलं. डॅरेल सुटला. खोकं दुकानातून पांढरं निघालं आणि एल्डनच्या घरी पिवळं पोचलं, आणि मधल्या वाटेवर एकटा मर्ल होता.

परतताना नेल्डानं ट्रक मर्लच्या दाराशी उभा केला. मर्ल दारातच मोडक्या खुर्चीवर बसून हरणाच्या मांसाचे तुकडे मसाल्यात घोळवत होता. तिला बघून उठला नाही, पण पायानं दुसरी खुर्ची तिच्याकडे ढकलली.

आत त्याच्या टेबलावर पांढऱ्या टोप्यांचे ट्रे रचलेले होते. उघड्यावर. मर्लच्या एका वाट्याहून जास्त होते, हे बघायला मोजावं लागत नव्हतं. वरच्या फळीवर एक हिरवा पत्र्याचा डबा होता. तो नेल्डाच्या ओळखीचा होता. पूर्वी त्यात मर्लच्या जुन्या पिवळ्या टोप्या असत, आता न मिळणाऱ्या. त्यातला एक ट्रे द्यावा म्हणून नेल्डाच्या नवऱ्यानं मरेपर्यंत मर्लची मनधरणी केली होती. मर्लनं दिला नव्हता. स्वतःच्या शिकारीलाही वापरला नव्हता. नेल्डानं उठून डबा हलवला. डबा रिकामा होता.

"तूच बदललेस," ती म्हणाली.

"बदलले."

"का?"

मर्लनं मसाल्याचे हात पाण्यात बुडवले. "तू जे पाहिलंस ते गसला सांग. मला राग नाही."

आणि तो परत मांसाच्या तुकड्यांकडे वळला.

४

कबुली मिळाली की तपास संपतो, असं ज्यांना वाटतं त्यांनी गुरांच्या चोऱ्या पाहिलेल्या नसतात. नेल्डा रात्री अंथरुणात पडल्यापडल्या विचार करत राहिली. हा कसला चोर? सोनं देऊन तांबं चोरतो. आणि चोरलेलं तांबं दारासमोरच्या टेबलावर मांडून ठेवतो.

की त्या पिवळ्या टोप्या डब्यात पडून पडून खरंच मेल्या होत्या, आणि मर्लला ते ठाऊक नव्हतं? हे पारखून बघता येण्यासारखं होतं.

दुसऱ्याचं काडतूस आपल्या बंदुकीत घालायचं नाही, हा विलो फोर्कचा पहिला नियम. म्हणून तिनं गसला एल्डनचीच रायफल घेऊन चांदमारीवर बोलावलं. गसनं रायफल खोलून पाहिली होती. स्प्रिंग ठणठणीत होती, सुई सरळ होती. नेल्डानं रुमाल सोडला. चारही मुक्या काडतुसांच्या टोप्यांवर सुईचा खळगा होता, पण उथळ. गसनं पहिलं काडतूस घातलं. खिट्टी एका बोटानं बंद झाली. चाप ओढला.

काडतूस वाजलं.

दुसरं वाजलं. तिसरं आणि चौथंही वाजलं. समोरच्या टेकडीवरून आवाज परत येत राहिला आणि कॉटनवुडच्या झाडांतून कावळे उठले.

"मेलेल्या नव्हत्याच," गस म्हणाला. तो गोंधळला होता. "मग पहिल्या ठोक्याला गप्प का बसल्या?" त्यानं मान खाजवली आणि हसला. "दुसऱ्या कुणाची काडतुसं असती ना, तर मी म्हटलं असतं, टोपी वर राहिली. पहिल्या ठोक्याची सगळी ताकद टोपी आत ढकलण्यात गेली, आणि दुसऱ्यानं ती पेटली. नवशिक्यांचं होतं असं. पण एल्डनचं?"

नेल्डाही हसली. एल्डनचं कसं होईल.

ट्रकमध्ये बसल्यावर मात्र तिचं हसू मावळलं. त्या सकाळी एल्डननं खिट्टी तळहाताच्या टाचेनं ढकलली होती. आणि आता गसनं तीच खिट्टी, तेच काडतूस घालून, एका बोटानं बंद केली होती. त्या सकाळी काहीतरी आडवं येत होतं. ते आता येत नव्हतं.

तिनं कोटाच्या दुसऱ्या खिशात हात घातला. एल्डननं दिलेली सहा काडतुसं तिथंच होती, अजून न झाडलेली. एक काढलं. बुडावरून अंगठा फिरवला. सपाट. दुसरं सपाट. तिसऱ्यावर तिचा अंगठा अडला.

मग चौथं, पाचवं, सहावं. पाचवंही वर होतं. झाडलेल्या काडतुसांनी हा पुरावा आपल्या पोटात दडपला होता, कारण सुईच्या पहिल्या घावानंच टोपी खाली बसली होती. पण ही काडतुसं अजून बोलायची होती. आणि या प्रत्येकावर एल्डननं तिच्यादेखत, सावकाश, अंगठा फिरवला होता.

तो खोटं बोलला नव्हता. मग त्याला कळलं कसं नाही?

नेल्डानं आपल्या बोटांकडे पाहिलं. कॉफीच्या भांड्याचा चटका अजून चुरचुरत होता.

५

मर्लनं या वेळी खुर्ची ढकलली नाही. नेल्डाच्या तळहातावरची दोन काडतुसं पाहिली आणि तो स्वतःच बाजूला सरकला.

गोष्ट त्यानं तुकड्यातुकड्यानं सांगितली. मागच्या हंगामात तळाच्या वरच्या खिंडीत एक मोठा एल्क एल्डनसमोर आला. एल्डननं चाप ओढला, टक्‌ झालं, एल्क गेला. चिडून एल्डननं काडतूस बर्फात फेकलं आणि टोप्यांना शिव्या देत खाली उतरला. त्या शिव्यांमुळेच तर नव्या टोप्या आणायचं ठरलं. मर्ल मागून येत होता. त्यानं ते काडतूस उचललं. त्याला नुसता ओझरता ठोका लागला होता आणि टोपी अजून थोडी वरच होती. संध्याकाळी तळावर एल्डन शेगडीवरची तवी उघड्या हातानं धरून उभा होता, आणि वास आल्यावर दुसऱ्या कुणाचं काही जळतंय का ते बघत होता.

"साखरेनं बोटं मेलीत त्याची," मर्ल म्हणाला. "त्याला माहीत नाही. म्हणजे माहीत आहे, पण माहीत नाही. तुला कळतंय ना?"

तिला कळत होतं. नवऱ्याच्या शेवटच्या वर्षात तिनं हेच घरात पाहिलं होतं.

दुकानात नव्या टोप्या कडक निघाल्या तेव्हा मर्लचा धीर सुटला. कडक टोपी वर राहिली तर मुळीच पेटणार नाही. म्हणून त्यानं डबा उघडला. जुन्या पिवळ्यांचं कवच मऊ होतं, हलक्या ठोक्यालाही त्या पेटत. त्याला वाटलं, एल्डनकडून थोडी वर राहिली तरी वाजेल. दहांत सहा वाजल्याही. बाकी चारांनी घात केला.

"आणि चांदमारीवर हे सांगायला काय झालं होतं तुला?"

"काय सांगू? सगळ्यांसमोर? तुझे हात गेले म्हणून?" मर्लनं पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. "बायको गेली त्याची. जनावरं विकली. आता एक शिट्टी राहिलीय आणि पोरांचा वर्ग. ते काढून घेतलं की माणूस खुर्चीत बसतो, नेल्डा. आणि खुर्चीत बसलेला माणूस मी पाहिलाय. मला चोर म्हटल्यानं मी मरत नाही."

"तळ जाईल तुझा."

"जाईल."

नेल्डाला त्या क्षणी या म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला, आणि त्याच वेळी एक जोराची चापटही मारावीशी वाटली. ती म्हणाली, "त्या वर्गातल्या पोरांची सरावाची काडतुसं कोण भरतं?"

मर्ल गप्प झाला. हा गप्पपणा निराळा होता. तो त्यानं ठरवलेला नव्हता.

"पोराच्या हातात मुकं काडतूस येईल," ती म्हणाली. "पोर म्हणेल, वाजलं नाही, आणि नळी वळवून आत बघेल. आणि तेव्हा ते उशिरा पेटेल. एल्डनला ते कळलं तर तो खुर्चीतसुद्धा बसणार नाही, मर्ल."

६

शनिवारी बैठकीच्या आधी नेल्डा एकटीच एल्डनकडे गेली. वाटेत तिनं बोलायचं सगळं जुळवलं होतं. दारात पोचल्यावर त्यातलं काही उपयोगाचं वाटलं नाही. तिनं टेबलावर सहा काडतुसं बुडं वर करून उभी केली आणि एल्डनच्या भिंतीवरची पोलादी पट्टी काढून त्याच्या हातात दिली.

"एकेकाच्या बुडावर ठेव," ती म्हणाली. "अंगठा नको. डोळ्यांनी बघ."

हा काय पोरखेळ आहे, असं एल्डन म्हणाला. पण पट्टी ठेवली. पहिल्यावर ती स्वस्थ बसली. दुसऱ्यावर बसली. तिसऱ्यावर ठेवली तर पट्टी एका बाजूला कलली, आणि बोट लावल्यावर दुसऱ्या बाजूला. खिडकीतल्या उजेडाची बारीक चीर पट्टीखालून दिसली.

एल्डननं पट्टी काढली. त्या काडतुसावर अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. दुसऱ्या हाताचा फिरवला. मग पट्टी परत ठेवली, आणि ती परत डुलली.

नेल्डानं त्याचा उजवा हात धरून उताणा केला. अंगठ्याच्या पोटावर भाजल्याचा जुना फोड होता, सुकत आलेला. त्याच्या कडेला एक ताजा.

"हा कधीचा?" तिनं विचारलं.

एल्डन त्या फोडाकडे दुसऱ्याच कुणाचा तरी हात बघावा तसा बघत राहिला. शेगडीत लाकूड फुटलं. डॅरेल दारापर्यंत आला आणि तसाच मागं गेला.

"मर्लला माहीत होतं," एल्डन शेवटी म्हणाला. हा प्रश्न नव्हता.

नेल्डानं हिरव्या डब्याबद्दल सांगितलं. डबा रिकामा आहे, एवढंच.

बैठकीला खुर्च्या कमी पडल्या. मर्ल शेवटच्या रांगेत दाराशी बसला होता, निकाल लागला की लगेच उठता यावं म्हणून. गसनं तोंड उघडायच्या आत एल्डन उभा राहिला. गळ्यातली शिट्टी काढून त्यानं गसपुढच्या टेबलावर ठेवली.

"चोरी झालेली नाही," तो म्हणाला. "टोप्या मर्लनं बदलल्या. मला त्याच्याकडच्या सगळ्यांत चांगल्या दिल्या. वाजल्या नाहीत, कारण मी त्या नीट बसवल्या नाहीत. या हाताला आता कळत नाही. मी तुम्हा सगळ्यांना शिकवलं की अंगठा खोटं बोलत नाही. बोलतो. म्हातारा झाला की बोलतो. पोरांची काडतुसं आजपासून दुसरं कुणीतरी भरेल. आणि मर्लला मी जे म्हटलं ते याच लोकांसमोर परत घेतो."

गसनं शिट्टी उचलली, आणि परत एल्डनपुढं सरकवली. शिट्टी वाजवायला बोटं लागत नाहीत, म्हणाला. त्यावर मागून कुणीतरी खोकल्यासारखं हसलं, आणि खोली सैल झाली.

एल्डन मागच्या रांगेपर्यंत चालत गेला. "तू मला सांगायचं होतंस, गाढवा," तो मर्लला म्हणाला.

"तू ऐकलं असतंस?"

"नसतं ऐकलं."

"मग?"

हंगामाच्या आदल्या आठवड्यात नेल्डा ऱ्हुबार्बचा पाय घेऊन मर्लकडे गेली तर दोघं टेबलाशी बसलेले होते. मर्ल दाबयंत्रानं रिकाम्या पुंगळ्यांत पांढऱ्या टोप्या बसवत होता. प्रत्येकीवर अंगठा फिरवून ती एल्डनकडे देत होता. एल्डन पोलादी पट्टी ठेवून, खिडकीकडे धरून, एक डोळा मिटून बघत होता आणि पेटीत ठेवत होता. एल्डन मर्लला मंद म्हणत होता आणि मर्ल त्याला आंधळा, आणि काम रीतसर चाललं होतं.

मध्येच एल्डन थांबला. एक पुंगळी त्यानं परत केली. "ही वर आहे."

"नाही," मर्ल म्हणाला. त्यानं अंगठा फिरवला. "सपाट आहे."

एल्डननं पट्टी पुढं केली. मर्लनं ठेवली. पट्टी डुलली, अगदी केसभर.

मर्लनं अंगठ्याकडे पाहिलं. मग परत फिरवला, जास्त सावकाश. एल्डननं ती पुंगळी घेऊन वेगळ्या वाटीत ठेवली आणि पुढच्या पुंगळीसाठी हात पसरला.

नेल्डा पायचे तुकडे करत होती. सुरी खाली ठेवून तिनं टेबलाखाली आपला अंगठा हळूच तर्जनीवर घासून पाहिला.